तातडीची मदत हवी आहे: फोर्स मेज्योर कलम लावता येईल का?

श्रावणसर
मंडळी, आमचा माल पुरवठ्याचा करार आहे. कच्चा माल येतो ते बंदर वादळामुळे बंद पडलंय. गिऱ्हाईक उशिराचा दंड लावतोय. करारात फोर्स मेज्योर (हाताबाहेरच्या घटनेमुळे काम अडलं तर सवलत देणारं कलम) आहे, मग दंड माफ व्हायला हवा ना? 'वकिलाला विचारा' एवढंच लिहू नका, आमचे वकील परवापर्यंत भेटणार नाहीत.

जुनाकारकून
कलम जसंच्या तसं टंका. करार कुठल्या कायद्याखाली आहे तेही सांगा.

तिरकीरेघ
कलम असो नसो, भारतीय करार कायदा १८७२, कलम ५६. काम अशक्य झालं की करार रद्दबातल. विषय संपला.

जुनाकारकून
नाही संपत. करारातच तरतूद असेल तर त्याच कायद्याचं कलम ३२ (ठरावीक घटनेवर अवलंबून असलेले करार) बघायचं, नसेल तर ५६. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एनर्जी वॉचडॉग प्रकरणात हेच सांगितलंय. आणि ५६ ने करारच संपतो. यांना मुदतवाढ हवी असणार, करार मोडायचा नसणार.

तिरकीरेघ
१९५४ चा सत्यव्रत घोष खटला वाचा. 'अशक्य' शब्दशः घ्यायचं नाही, असं म्हटलंय त्यात.

जुनाकारकून
वाचलाय. त्यात शेवटी करार टिकला, हेही वाचा.

मोरपंखी
फोर्स मेज्योरला काहीजण 'दैवी आपत्ती' म्हणतात, कृपया तसं म्हणू नका. युद्ध, संप, सरकारी बंदी यांत दैवी काही नाही. शब्द मूळ फ्रेंच आहे आणि फ्रान्सच्या दिवाणी संहितेत कलम १२१८ मध्ये त्याची व्याख्याच दिली आहे.

पाणकळा
पुढच्या करारात साथरोग हा शब्द घालाच. २०२० मध्ये आमच्या कलमात तो नव्हता, 'सरकारी आदेश' होता म्हणून निभावलो.

श्रावणसर
पुढच्या कराराचं नंतर बघू हो, आधी हा सुटू दे. कायदा भारतीयच. कलमाचा मराठी मतलब: 'पूर, वादळ, युद्ध, संप किंवा नियंत्रणाबाहेरच्या तत्सम कारणाने पुरवठ्यास प्रतिबंध वा विलंब झाल्यास, घटनेपासून १४ दिवसांत लेखी सूचना दिल्यावर मुदत तेवढी वाढेल.'

जुनाकारकून
'वा विलंब' हे दोन शब्द तुमच्या कामाचे आहेत. नुसता 'प्रतिबंध' असता तर जड गेलं असतं. आता खरं सांगा, माल दुसरीकडे मिळतच नाही की महाग मिळतो?

श्रावणसर
मिळतो, पण दीडपट दराने. कसा परवडणार?

जुनाकारकून
मग इथेच अडेल. एनर्जी वॉचडॉगमध्ये इंडोनेशियाचा कोळसा महागला होता, तरी न्यायालयाने ते मान्य केलं नाही. महाग म्हणजे अशक्य नव्हे. करारात कच्च्या मालाच्या उत्पादकाचं नाव आहे का?

श्रावणसर
आहे की, परिशिष्टात. गिऱ्हाईकानेच ठरवून दिलाय. दुसऱ्याचा माल त्यांच्या लेखी मंजुरीशिवाय वापरता येत नाही.

जुनाकारकून
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं! यावरच सगळं अवलंबून आहे. आणि बंदर बंद होऊन किती दिवस झाले?

श्रावणसर
आज १२ वा. फोनवर सांगितलंय त्यांना.

तिरकीरेघ
फोन चालणार नाही. यात मी जुनाकारकूनांशी सहमत. सूचना आजच द्या.

जुनाकारकून
पत्रात कलमाचा क्रमांक, बंदर बंद झाल्याची तारीख, बंदराची अधिकृत सूचना जोडून आणि किती दिवस वाढवून हवेत ते लिहा. त्याच पत्रात पर्यायी माल वापरायची मंजुरी मागा, म्हणजे हात बांधून बसलात असं म्हणता येणार नाही. 'दर वाढले' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. पत्ता करारात सूचनेसाठी दिलेलाच.

श्रावणसर
ई-मेल गेला, स्पीड पोस्टची पावती हातात आहे. करारातला पत्ता आम्ही रोज माल पाठवतो त्यापेक्षा वेगळा निघाला, बरं झालं सांगितलंत.