रोज्यात साखर तपासण्याबद्दल
कुणीतरी विचारलंय, मधुमेह असलेल्याने बोट टोचून रक्तातली साखर पाहिली तर रोजा तुटतो का. नाही तुटत, बहुतेक उलेमांचं (धर्मपंडितांचं) हेच मत आहे. आमच्या भद्रकालीतले एक चाचा दुपारी दुकानाच्या गल्ल्यावरच ग्लुकोमीटर काढून बसतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथंच सोडायचा; मगरिबला (सूर्यास्ताला, रोजा सोडायच्या वेळेला) अर्धाच तास उरलाय म्हणून ताणायचं नाही. आजाऱ्याला कुरआनातच सवलत आहे, नंतर कजा करता येतो, म्हणजे सुटलेला रोजा पुढे भरून काढता येतो. ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) किंवा इन्शुलिन चालू असेल तर रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांकडून डोस आणि वेळा ठरवून घ्या, मनाने काहीही नको. सहेरी (पहाटेचं जेवण) टाळू नका, शक्य तितकी उशिरा करा. इफ्तारला खजूर चालेल, पण एखादाच. सरबताचं मात्र चाचा अजून ऐकत नाहीत!