मार्करमुळे वर्षं नेमकी कुठे वाचतात?

बीजांकुर: एमएस्सीला प्लांट ब्रीडिंग घेतलंय. जीनोमिक्समुळे नवीन वाण लवकर येतं असं सगळीकडे वाचतेय, पण डीएनए वाचला म्हणून गहू काही लवकर पिकत नाही ना. मग वेळ वाचतो कुठे?

हिरवीपाती: वाट बघण्यात. स्वर्णा भात घ्या, वाण चांगलं पण पाण्याखाली बुडालं की गेलं. एफआर१३ए या दुसऱ्या भातवाणातला पूर सोसणारा जीन त्यात आणायचा तर बॅकक्रॉस आला, म्हणजे संकरातलं रोप परत परत स्वर्णाशीच जुळवायचं, आणि तीन बॅकक्रॉसनंतर स्वर्णाचा जीनोम (सगळा डीएनए) परत येतो सरासरी ९३.७५ टक्के, शिवाय दर पिढीत रोपं बुडवून कोण जगतंय बघत बसा. मार्कर, म्हणजे डीएनएवरची ओळखखूण, असेल तर कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा पुरतो, जीन आलाय का आणि बाकी स्वर्णा किती हे दोन्ही कळतं, मग सरासरीच्या पुढचं रोप लगेच उचलता येतं. २००९ मध्ये भारतात आलेला स्वर्णा-सब१ असाच झाला. तो जीन मला फार आवडतो, पाणी चढलं की इतर भात धडपडून उंच होतो आणि साठवलेली साखर संपवतो, हा मात्र वाढ थांबवून गप्प बसतो आणि पाणी ओसरलं की परत फुटतो.

ओंबी: ते एका मोठ्या जीनचं झालं. उत्पादन कितीतरी जीन मिळून ठरवतात, प्रत्येकाचा वाटा एवढासा. तिथे जीनोमिक सिलेक्शन लागतं, म्हणजे काही झाडं शेतात नीट मोजायची, त्यांचा डीएनए वाचायचा, त्यावरून मॉडेल बनवायचं आणि पुढच्या रोपांचा फक्त डीएनए बघून निवड करायची. सगळी मदार त्या मोजणीवर, हे मनापासून सांगते. आमच्याकडे हरभऱ्याच्या डीएनए नमुन्यांच्या ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये एक ओळ उलटी भरली गेली. जांभळ्या फुलाचा मार्कर दाखवणाऱ्या झाडाला पांढरं फूल आलं तेव्हा कळलं, तोवर क्रॉस करून झाले होते, अख्खा हंगाम गेला. टॅग दोघांनी वाचा, प्लीज.

बीजांकुर: बापरे. म्हणजे शेतातल्या चाचण्या सुटत नाहीत?

हिरवीपाती: नाही, आणि सुटूही नयेत. दोन-तीन पिढ्यांनी मॉडेलचा अंदाज ढिला पडतो, परत शेतात मोजून ते ताजं करावं लागतं. झाडाचीच गती वाढवायची असेल तर स्पीड ब्रीडिंग बघा, २२ तास उजेड देऊन गव्हाच्या वर्षाला ६ पिढ्यांपर्यंत घेता येतात.