'केइको'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : केंडो या जपानी तलवारबाजीवरच्या लेखनात 'केइको' दर दोन ओळींनी येतो. 'सराव' चालेल की 'प्रशिक्षण'? आणि मध्येच 'काकारी-गेइको' दिसतं, तो मुद्रणदोष का?

प्रतिसाद : 'सराव' नको, त्याला जपानीत 'रेनश्यू' आहे. सैन्याच्या किंवा अग्निशमनाच्या कवायतीला 'कुनरेन'. 'केइको'तल्या 'केइ'चा अर्थ विचारपूर्वक पाहणं, 'को' म्हणजे जुनं. आधीच्यांनी केलेलं निरखून तसं करत राहायचं. शिवाय हा शब्द तलवारीपुरता नाही. सुमो, चहाविधी, नृत्य, नाटक, सगळीकडे केइकोच. कुस्तीची आणि नाटकाची दोन्ही 'तालीम'च म्हणणाऱ्या मराठीला दुसरा शब्द शोधायची गरज काय? मुळातला अरबी 'तालीम'ही शिकवण्याचाच.

एक गोची आहे. आपली तालीम ही जागासुद्धा असते, जपानीत जागेला 'केइकोबा' किंवा 'दोजो'. तेव्हा 'तालमीत चुकला' लिहिताना जपून.

'गेइको' बरोबर आहे. समासात 'क'चा 'ग' होतो, आपल्या वाक् + ईश = वागीश सारखा. ऐन थंडीत पहाटे होते ती 'कान-गेइको', नुसतं पाहून शिकायचं ती 'मितोरी-गेइको'.

प्रश्न : मग केंडोतल्या 'किरिकाएशी' या वारांच्या तालमीला 'उलटसुलट वार'?

प्रतिसाद : छे, ते अंदाधुंद वाटतं. इथे तर प्रत्येक वार मोजलेला. आधी डोक्यावर एक सरळ. मग डाव्या-उजव्या बाजूला आलटून-पालटून नऊ : चार पुढे सरकत, पाच मागे येत. पुन्हा एक सरळ, पुन्हा नऊ, शेवटी एक सरळ. दमल्यावर उजवा हात जोर करू लागतो, डावी मूठ शरीराच्या मध्यरेषेवरून ढळते आणि वार शिरस्त्राणाऐवजी समोरच्याने उभ्या धरलेल्या बांबूच्या तलवारीवर बसतो. आवाज दणदणीत, वार फुकट. शब्द 'किरिकाएशी'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे हे उलगडून सांगा.

दुसरा प्रतिसाद : 'तालीम' पटलं. पण 'तानरेन' आला तर 'तावून-सुलाखून' लिहू नका. सुलाखणं ही सोन्याची परीक्षा. तानरेनमध्ये धातू तापवून, ठोकून घडवणं आहे. 'घडण' जास्त जवळचा.

जाता जाता, 'सामुराई'चं भाषांतर 'योद्धा' करतात, तो अर्थ 'बुशी'चा. 'सामुराई' आला 'साबुराउ'वरून, म्हणजे धन्याच्या सेवेत हजर असणं. मराठ्यांच्या खाशा फौजेला 'हुजरात' म्हणत, तेही 'हुजूर'वरूनच.