मदत नव्हे, थकबाकी

"श्रीमंत देशांनी गरिबांना मदत करणं चांगलंच, पण ते त्यांच्या मर्जीवर" हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मर्जी दानात असते. हैतीचं काय? हा कॅरिबियनमधला देश, पूर्वी फ्रान्सची वसाहत.

तिथल्या गुलामांनी नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १८०४ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून हिशेब पुढे केला: १५ कोटी फ्रँक द्या, मग मान्यता देतो. कशाबद्दल? तिथल्या फ्रेंच मळेवाल्यांची नुकसानभरपाई. त्यात जमिनीबरोबर खुद्द ती माणसंही धरलेली! म्हणजे सुटलेल्याने स्वतःचीच किंमत मोजायची. पहिला हप्ता ३ कोटींचा. तो भरायला पॅरिसमध्येच कर्ज काढलं, त्यातले ६० लाख बँकवाल्यांनी आधीच कापून घेतले. आपल्याकडच्या सावकारांनीही कानाला हात लावावा. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली खरी, पण त्यापायी झालेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत, म्हणजे आपण स्वतंत्र झालो तोवर, चालू होती.

हैतीचे राज्यकर्ते धुतल्या तांदळासारखे नाहीत, मान्य. विसाव्या शतकात दुवालिये या हुकूमशहा बापलेकांनी देश लुटला. पण घेणेकऱ्याचा मुलगा उधळ्या निघाला म्हणून आपलं देणं फिटतं का?

२००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्टिड यांनी फ्रान्सकडे परतफेड मागितली: २१,६८,५१,३५,५७१ डॉलर, वर ४८ सेंट. त्या ४८ सेंटांचं मला फार कौतुक वाटतं. मदत मागणारा कधी सुटे पैसे मोजत नाही. फ्रान्सने अर्थातच नकार दिला. २०२५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी दोन्ही देशांतल्या इतिहासकारांची संयुक्त समिती जाहीर केली. पैशांचं नाव मात्र काढलं नाही.