आडनाव पाहून खोली नाकारू का?

प्रश्न: दीक्षाभूमीपासून चालत दहा मिनिटांवर माझं घर. खाली मी एकटी राहते, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. दसऱ्याला एका बाईंनी विचारलं, तर शेजारचे काका म्हणाले, "आडनाव बघून दे बाप्पा." मी दिली. जाताना त्यांनी चादरीसुद्धा घडी करून ठेवल्या. पण मागच्या महिन्यात दोघांची नावं देऊन सहा जण आले. रात्री एक वाजता जिना दणाणत होता, मी दाराची कडी धरून बसले. कोणाला आडनावावरून नाकारणं मला जमणार नाही. मग स्वतःला जपू कशी?

उत्तर: ताई, सगळ्यांकडून एकच मागा. प्रत्येकाचं ओळखपत्र घ्या, आधारची झाकलेली प्रत चालते, तिच्यावर शेवटचे 4 आकडेच दिसतात. नावं नसलेल्यांना प्रवेश नाही, हे बुकिंगआधीच लिहा. घरातल्या खोल्या पाहुण्यांना मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळानं 2018 मध्ये बुकिंग पक्कं होईपर्यंत पाहुण्याचा फोटो यजमानाला दाखवणं थांबवलं, ते भेदभाव टाळण्यासाठीच.

उत्तर: कॅमेरा जिन्याबाहेर लावा, तोही आधी सांगून. खोलीत अजिबात नको.

प्रश्नकर्ती: आजच सुतार बोलावला. जिन्याच्या दाराला माझ्या बाजूनं कडी बसली. नियम लिहून काकांनाही वाचून दाखवले.