मदत हवी: पद्धत बदलत गेल्याचा फायदा झाला, हे मोजायचं कसं?

तलावकाठ: लवकर सांगा कोणीतरी, अहवाल शुक्रवारी द्यायचाय. आमचं काम ॲडॅप्टिव्ह मॅनेजमेंटने चालतं, म्हणजे दरवर्षी निरीक्षण करायचं आणि त्यावरून पुढच्या वर्षीची पद्धत बदलायची. निधी देणारे म्हणतात, या बदलांमुळेच सुधारणा झाली याचा पुरावा द्या. पाणपक्षी वाढल्याचे आकडे आहेत. पुढे काय?

उमरेडचा_पवन: ताई, काम कसलं ते तर सांगा! जंगल, गवताळ कुरण की पाणी?

वाघोबा_४४: कॅमेरा ट्रॅप लावा. पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखालच्या वाटांनी वाघ जातात, हे कॅमेऱ्यांमुळेच सिद्ध झालं.

तलावकाठ: रामटेककडचे मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव. कॅमेरा नको, प्लीज. आधी बेशरम (काठावर माजणारं झुडपी तण) नुसती कापली, ती पुन्हा फुटली. मग उन्हाळ्यात पाणी आटल्यावर मुळासकट काढली, त्यानंतर देशी पाणवनस्पती लावल्या.

आकडेमोड: काम न झालेले तलाव मोजलेत का? पाऊस चांगला झाला तर पक्षी तसेही वाढतात. कामाच्या आधी आणि नंतर, काम झालेला तलाव आणि न झालेला, अशी चौकट हवी. पण त्यातून फक्त कामाचा परिणाम कळेल. पद्धत बदलण्याचा परिणाम हवा असेल, तर काही तलावांवर जुनीच पद्धत चालू ठेवायला हवी होती.

उमरेडचा_पवन: काहीही काय! कापून फुटते हे माहीत असताना गावाच्या तलावात तेच करत राहायचं? लोक पाय ठेवू देणार नाहीत.

आकडेमोड: एकदम सगळीकडे नको. नवी पद्धत टप्प्याटप्प्याने नेली की मागे राहिलेले तलाव आपोआप तुलनेला मिळतात.

धानपट्टी: गोंदियाकडे सारस आहेत, तिकडे काम करा ना.

ढीवरटोली: मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे? कोणी ग्रास कार्प मासा सोडला का? तो पाणवनस्पतीच खातो. मग तुम्ही लावा आणि तो चरून जाईल.

तलावकाठ: दोन तलावांत सोडलाय. त्याचा इथे संबंध येतो असं वाटलं नव्हतं.

आकडेमोड: येतो! ते दोन वेगळे दाखवा. आता मुख्य गोष्ट. १९९५ पासून अमेरिकेत बदकांच्या शिकारीचे नियम असेच ठरतात. वेगवेगळी गृहीतकं आधीच मांडलेली असतात. प्रत्येकाचा अंदाज दरवर्षीच्या गणनेशी ताडतात आणि जे बरोबर ठरतं त्याला पुढच्या निर्णयात जास्त वजन देतात. तुमचे अंदाज वर्षागणिक खऱ्याच्या जवळ आले का? आणि निर्णय खरंच निरीक्षणावरून बदलला, की पैसे संपले म्हणून? पक्षी किती वाढले यापेक्षा हे दाखवणं जास्त मोलाचं.

वाघोबा_४४: फोटो असला की अहवाल उठून दिसतो, एवढंच म्हणतो.

तलावकाठ: बैठकांच्या नोंदवह्या आहेत. 'यंदा एवढी बेशरम परत येईल' असं गावकऱ्यांनीच सांगितलेलं त्यात आहे. चालेल?

आकडेमोड: तारखेसकट असेल तर नक्की चालेल. निकाल कळल्यावर आठवून लिहिलेलं मात्र घालू नका.

ढीवरटोली: अन् ठेका कधी संपतो तेही पाहा. पुढचं मत्स्यबीज सोडायच्या आधी मच्छीमार सोसायटीशी बसा, नाहीतर पुढच्या वर्षी काय मोजाल?