स्लीव्ह शस्त्रक्रियेआधीचा आहार

प्रश्न (खानापूर): आईची स्लीव्ह शस्त्रक्रिया (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकणे) बेळगावात ठरली असून, आधी 2 आठवडे भात-भाकरी बंद ठेवण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे. हे इतके आवश्यक आहे का?

उत्तर (निपाणी): होय, त्यात सवलत घेऊ नका. या आहाराने यकृतातील चरबी कमी होऊन ते आकसते आणि त्याच्याआड असलेल्या जठरापर्यंत दुर्बिणीची उपकरणे सुरक्षितपणे पोहोचतात. मधुमेहाच्या औषधांचा डोस मात्र डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावा.

उत्तर (बेळगाव): माझ्या वहिनी शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला डाळीचे गाळलेले पाणी आणि पातळ ताक लहान वाटीतून घोट-घोट घेत असत. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून आईंना लवकर चालते करा. बी-12 आणि लोहाच्या गोळ्या नंतरही चुकवू नयेत. भेटायला येणारे आपुलकीने कुंदा ही मिठाई आणतील. ती चालणार नाही, हे त्यांना आधीच कळवा.